इंजिन नाही, मग बॉनेट एवढं लांब कशाला? इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट कार कशी बघायची

डिसेंबर २०२४ मध्ये जॅग्वारने अमेरिकेत मायामीला टाइप ०० नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली, एक गुलाबी आणि एक निळी. मागे काच नाही. दरवाजे दोनच, आणि तेही पंखासारखे वर उचलले जाणारे. चाकं २३ इंची. आणि पुढे हे एवढं लांबलचक बॉनेट, ज्याच्याखाली इंजिनच नाही. थोडेच दिवस आधी कंपनीने लोगो बदलला होता त्यावरून लोक आधीच खवळलेले, त्यात ही गाडी आली आणि मग जो कल्ला झाला तो विचारूच नका. कुणी खिल्ली उडवली, कुणी 'चला, कुणीतरी वेगळं करायची हिंमत केली' म्हणून पाठ थोपटली, आणि बऱ्याच जणांना मुळात हेच कळेना की ही गाडी विकायला येणार आहे की नाही.

अशीच्या अशी नाही येणार. खरी गाडी चार दरवाज्यांची असेल हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. मग जी विकायचीच नाही ती एवढा गाजावाजा करून दाखवायची कशाला? आणि जॅग्वार काही यात एकटी नाही. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये व्हिजन नॉय क्लास दाखवली, ऑडीने सप्टेंबर २०२५ मध्ये कॉन्सेप्ट सी. प्रत्येक वेळी सूर तोच, की ही आमची नवी डिझाइनची दिशा आहे. आता दिशा म्हणजे काय, त्यातलं खरं किती आणि शोभेचं किती, हे ओळखायला काही फार अवघड नाही, फक्त गाडीत बघायचं कुठे ते माहीत पाहिजे.

## न विकायची गाडी

कॉन्सेप्ट कार म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी हाताने बनवलेली एखाद-दुसरी गाडी. ती कारखान्याच्या लाइनवरून उतरलेली नसते, तिची क्रॅश टेस्ट झालेली नसते, तिला कुणी नंबर प्लेट देणार नाही. काही कॉन्सेप्ट खरोखर धावतात, काही जेमतेम स्टेजवर सरकत येण्यापुरत्या, आणि काहींच्या आत तर काहीच नसतं, काचा काळ्या करून टाकतात म्हणजे प्रश्नच मिटला.

प्रकार जुना आहे. १९३८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा डिझाइन प्रमुख हार्ली अर्ल याने ब्युइक वाय-जॉब नावाची गाडी बनवून घेतली, पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून तिचंच नाव घेतात. झाकून ठेवता येणारे हेडलाइट, विजेवर खालीवर होणाऱ्या काचा, दाराखालची पाय ठेवायची पट्टी काढून टाकलेली, दरवाज्यांची हँडलं बॉडीत बसवलेली. ती विक्रीला कधीच आली नाही, अर्ल स्वतःच ती कित्येक वर्षं फिरवत होता, पण तिच्यातल्या एकेक गोष्टी नंतर कंपनीच्या गाड्यांमध्ये येत गेल्या. आणि गंमत बघा, आज इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये एकदम भविष्यातली म्हणून मिरवणारी ती बॉडीत लपलेली हँडलं, ती १९३८ ची आहेत.

दुसरा शब्द म्हणजे डिझाइन लँग्वेज. एका कंपनीच्या सगळ्या गाड्यांवर ज्या सारख्या खुणा दिसतात, दिव्यांचा आकार, छताची रेष, नाक, कडा धारदार की गोलसर, ते सगळं मिळून डिझाइन लँग्वेज. लोगो दिसत नसतानाही लांबून गाडी कुठल्या कंपनीची ते आपण ओळखतो ते यामुळेच. आता ही बदलायची म्हणजे एक गाडी बदलणं नव्हे, पुढच्या सात-आठ-दहा वर्षांत येणाऱ्या झाडून सगळ्या गाड्या बदलणं आहे, म्हणून कंपन्या आधी एक नमुना दाखवतात. २००३ ची ऑडी नुव्होलारी घ्या. तोवर ऑडीला एक जाळी वर आणि एक खाली बंपरमध्ये असायची, नुव्होलारीवर दोन्ही जोडून वरपासून खालपर्यंत एकच मोठी चौकट केली. नुव्होलारी आज कुणाला आठवत नाही, पण ती चौकट पुढे ऑडीच्या प्रत्येक गाडीवर आली आणि वीस वर्षं ऑडी म्हटलं की तोच चेहरा डोळ्यासमोर येतो.

## इंजिन गेलं की काय काय हलतं

पेट्रोल गाडीचा आकार आपल्याला 'गाडीसारखा' वाटतो त्याचं मुख्य कारण इंजिन. पुढे इंजिन आहे म्हणून बॉनेट. इंजिन तापतं म्हणून रेडिएटर, रेडिएटरला हवा हवी म्हणून नाकावर जाळी. ताकद मागच्या चाकांकडे न्यायची असेल तर मधून शाफ्ट जातो, म्हणून मागच्या मधल्या सीटवर बसणाऱ्याच्या पायात तो उंचवटा. शिवाय एक्झॉस्ट, शिवाय पेट्रोलची टाकी. डिझायनर बिचारा या सगळ्याच्या वरून पत्रा छान वळवायचा, आतल्या वस्तू हलवायची मुभा त्याला फारशी नव्हतीच.

इलेक्ट्रिक गाडीत मोटर एवढी लहान असते की ती दोन चाकांच्या मधेच बसते. मोठी आणि जड असते ती बॅटरी, तिला सपाट करून केबिनच्या जमिनीखाली पसरतात. चार चाकं, मधे सपाट बॅटरी, टोकांना मोटर, अशा या तळाला प्लॅटफॉर्म म्हणतात. आता चाकं पार कोपऱ्यात ढकलता येतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, आणि माणसं बसतात ती याच अंतरात, त्यामुळे तो वाढला की आत जागा वाढते.

किती वाढते ते एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की दिसतं. ह्युंदाईची लांब व्हीलबेसवाली पेट्रोल-डिझेल टुसाँ ४,६३० मिलिमीटर लांब आहे, इलेक्ट्रिक आयॉनिक ५ ४,६३५, म्हणजे बाहेरून सारख्याच. टुसाँचा व्हीलबेस २,७५५, आयॉनिकचा ३,०००. बाहेर पाच मिलिमीटरचा फरक आणि चाकांच्या मधे जवळपास २५ सेंटिमीटरचा!

पण बॅटरी काही फुकटात बसत नाही. साधारण १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा तो थर जमिनीखाली आला की जमीन वर येते, जमीन वर आली की सीट वर, सीट वर आली की डोकं वर, मग छत वर. लांब, बुटकी, चपळ दिसणारी सेडान काढायला बसलात आणि हाताशी आली जाडजूड डबी, असं होतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या डिझाइनमधलं निम्मं डोकं या दहा-पंधरा सेंटिमीटरवर खर्च होतं असं मला वाटतं, आणि एकदा हे कळलं की रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतही त्या युक्त्या दिसायला लागतात. दरवाज्याच्या खालचा भाग काळा दिसतो ना बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांचा? काळा भाग सावलीत विरून जातो, नजर फक्त वरचा रंगीत पत्रा मोजते आणि गाडी आहे त्यापेक्षा सडपातळ वाटते. चाकं अवाढव्य का, तर बॉडी उंच झाल्यावर साध्या मापाची चाकं त्याखाली अगदीच बारकी दिसतात. एवढ्या सगळ्या गाड्या एसयूव्हीच्याच अंगाने का जातात, तर उंच गाडीचं उंच असणं तिथे खपून जातं.

ज्यांना बुटकीच गाडी करायची आहे ते वेगळ्या वाटा काढतात. पोर्शेने टायकानमध्ये मागे बसणाऱ्यांच्या पायाखालची बॅटरी चक्क काढून तिथे खड्डे ठेवलेत, पाय त्यात जातात, माणूस खाली बसतो, छत खाली येतं. ऑडीच्या कॉन्सेप्ट सी मध्ये तर बॅटरी खाली पसरलेलीच नाही, मिड-इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये जिथे इंजिन असतं तिथे, गाडीच्या मध्यावर ठेवलीय. दोनच माणसांची गाडी आहे म्हणून हे जमतं, पाच जणांच्या गाडीत नाही जमणार.

## मग जॅग्वारने बॉनेट लांब का ठेवलं?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो रास्तच आहे. खाली काही नाही तर जागा वाया का घालवायची?

याचं उत्तर जॅग्वारच्याच आधीच्या गाडीत आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच कंपनीने आय-पेस नावाची इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट दाखवली होती, इयान कॅलम तेव्हा डिझाइनचा प्रमुख. ती नेमकी उलटी होती. इंजिन नाही ना, मग बॉनेट आखूड, काच पुढे सरकवलेली, केबिन ऐसपैस, २,९९० मिलिमीटरचा व्हीलबेस. तर्काला धरून केलेली गाडी. २०१८ मध्ये ती जवळपास जशीच्या तशी विक्रीला आली, २०१९ मध्ये वर्ल्ड कार ऑफ द इयर झाली, जाणकारांनी डोक्यावर घेतली. आणि तरी जॅग्वार कंपनी म्हणून काही सावरली नाही.

म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने एकाच कंपनीच्या दोन इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट, एकीत बॉनेट आखूड कारण इंजिन नाही, दुसरीत बॉनेट लांब, इंजिन नसूनही. खरा मुद्दा इथेच आहे. पेट्रोल गाडीत आकार बराचसा नाइलाजाने ठरायचा. इलेक्ट्रिकमध्ये ती सक्ती सैल झाली, त्यामुळे आता कंपनीला स्वतः ठरवावं लागतं की आपली गाडी कशी दिसावी, आणि जे ठरवलं त्याचं खापर यंत्रावर फोडता येत नाही. आखूड बॉनेटची गाडी म्हणते की बघा मी किती हुशारीने जागा वापरली. लांब बॉनेटची म्हणते, माझ्याकडे जागा उधळायची ऐपत आहे. महागड्या गाडीचं लांब नाक हे कित्येक दशकं मोठ्या इंजिनाची निशाणी होतं, इंजिन गेलं तरी डोळ्यांची सवय जात नाही. टाइप ०० काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं.

मर्सिडीजला हा धडा बाजारात मिळाला. २०२१ ची इलेक्ट्रिक ईक्यूएस पूर्ण हवेच्या गणितावर काढलेली, नाकापासून शेपटीपर्यंत एकच कमान. गाडी हवेला किती अडवते त्याचा एक आकडा असतो, कमी तेवढा चांगला, आणि तिचा होता ०.२०, विक्रीला आलेल्या गाड्यांमध्ये फार थोड्यांना हे जमलंय. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे हायवेवर रेंज वाचवायला असा आकार म्हणजे सोनंच. पण एस-क्लास या मर्सिडीजच्याच आलिशान सेडानच्या तोलाची गाडी घेणाऱ्या माणसाला समोर रुबाबदार उभं नाक हवं असतं, त्याला ही गुळगुळीत कमान काही भावली नाही. आणि २०२५ मध्ये मर्सिडीजने इलेक्ट्रिक जीएलसी आणली तर तिच्या नाकावर भलीमोठी, शेकडो ठिपक्यांनी उजळणारी जाळी होती. हवा आत घ्यायला नाही, रुबाबाला.

## चेहऱ्याचं काय करायचं

जाळीचा विषय निघालाच आहे तर. इलेक्ट्रिक गाडीलाही थोडी हवा लागते, बॅटरी थंड ठेवायला, पण ती बंपरच्या खालच्या फटीतून भागते आणि नको असेल तेव्हा फट बंदही करता येते. म्हणजे नाक मोकळं पडलं. मोकळं ठेवलं तर सगळ्या गाड्या एकसारख्या कोऱ्या दिसतात, हे रडगाणं पहिल्या काही वर्षांत ऐकू आलंच होतं. त्यावर उपाय म्हणजे जिथे पूर्वी क्रोम होतं तिथे प्रकाश. बीएमडब्ल्यूची ती मूत्रपिंडाच्या आकाराची जोड-जाळी नॉय क्लास या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये क्रोमच्या जागी उजेडाच्या रेषांनी काढलेली आहे. ह्युंदाईने ४५ नावाच्या २०१९ च्या कॉन्सेप्टमध्ये दिव्यांना छोट्या छोट्या चौकोनांचा आकार दिला, तेच चौकोन आयॉनिक ५, ६ आणि ९ या सगळ्यांवर आले आणि आज रात्री फक्त दिवे दिसले तरी गाडी ओळखू येते. बंद जाळीचा आणखी एक उपयोग आहे, तिच्यामागे रडार आणि कॅमेरे लपवता येतात.

## कॉन्सेप्टमधलं काय टिकतं, काय गळतं

घराचं बांधकाम बघा. खांब कुठे येणार हे एकदा ठरलं की नंतर हलत नाही, रंग आणि पडदे मात्र वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीही बदलता येतात. कॉन्सेप्ट कारमध्येही खांब आणि पडदे वेगवेगळे ओळखायचे.

खांब म्हणजे प्रमाणं. व्हीलबेस किती, चाकं किती टोकाला, छत कुठून उतरायला लागतं, पुढच्या चाकाचा मध्य आणि दरवाज्याची पुढची कड यात किती अंतर. हे सगळं प्लॅटफॉर्मवर ठरतं आणि प्लॅटफॉर्म काही कुणी एका गाडीच्या हौसेसाठी बनवत नाही. म्हणून कॉन्सेप्टचा पहिला बघायचा फोटो म्हणजे बरोब्बर बाजूने काढलेला, समोरून काढलेला नाट्यमय फोटो नंतर. खांबांनंतर दिव्यांचा आकार आणि नाक, हेही बहुतेक टिकतं कारण नवी ओळख म्हणून तेच तर दाखवायचं असतं.

पडदे म्हणजे दरवाजे, चाकं, आरसे, स्टिअरिंग. उलट्या बाजूने उघडणारे मागचे दरवाजे आणि मधला खांब गायब, हा कॉन्सेप्टमधला लाडका खेळ, कारण आतलं इंटिरिअर एका फोटोत दिसतं. खरी गाडी बाजूने धडकली की माणसाला वाचवायला तो मधला खांब लागतो, काढायचा तर बाकीची बॉडी त्या प्रमाणात मजबूत आणि जड करावी लागते.

पोर्शेची मिशन ई २०१५ मध्ये दाखवली, तिला असेच उलटे दरवाजे होते. २०१९ मध्ये ती टायकान होऊन आली तेव्हा दरवाजे नेहमीसारखे, पण छताची रेष, रुंद मागचा भाग आणि ८०० व्होल्टची सिस्टिम, जी खरं तर सगळ्यात मोठी गोष्ट होती कारण त्याने चार्जिंग झपाट्याने होतं, ती जशीच्या तशी. ह्युंदाईच्या २०२० च्या प्रोफेसीमध्ये स्टिअरिंगच नव्हतं, दोन जॉयस्टिक होत्या. तिच्यातून निघालेल्या आयॉनिक ६ मध्ये गोल साधं स्टिअरिंग आहे, पण ती वाहत गेलेली पाठ तीच, आणि हवेचा आकडा ०.२१. महिंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवलेली बीई.०५ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली बीई ६ शेजारी ठेवल्या तर सी-आकाराचे दिवे, कूपेसारखं उतरतं छत आणि ड्रायव्हरला कॉकपिटसारखं घेरणारी चौकट सगळं शाबूत आहे, हे मात्र मानलं पाहिजे, कारण तेव्हा 'हे काही प्रत्यक्षात येत नसतं' म्हणणारे पुष्कळ होते.

आणि रेनो ५. जुनी रेनो ५ १९७२ ची, तिच्या बॉनेटवर एका बाजूला हवेची झडप होती. २०२१ च्या इलेक्ट्रिक कॉन्सेप्टमध्ये त्याच जागी चार्जिंगचं झाकण केलं. २०२४ ची खरी गाडी आली तर त्या जागी '५' च्या आकड्यातला दिवा, बॅटरी किती चार्ज झालीय ते दाखवणारा. झडप, मग झाकण, मग दिवा, काम तीनदा बदललं पण जागा हलवली नाही कारण ती जागाच ओळख आहे. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात हुशार काम हे.

## दाखवायचं एक आणि विकायचं दुसरं, ही फसवणूक नाही का?

लोकांना वाटतं आधी कॉन्सेप्ट काढतात, ती आवडली तर त्यावरून गाडी करतात. पुष्कळदा क्रम उलटा असतो. गाडी बाजारात यायच्या बरीच आधी तिचा बाहेरचा आकार कायम करावा लागतो, कारण पत्र्याचे साचे बनवायला आणि चाचण्या करायला वेळ लागतो. मग खरी गाडी आतून तयार होत असते आणि तिच्यावरून, थोडी ताणून, बुटकी करून, मोठी चाकं लावून कॉन्सेप्ट बनवतात. जॅग्वारचंच बघा, टाइप ०० पडद्याबाहेर आली डिसेंबर २०२४ मध्ये, पण चार दरवाज्यांच्या खऱ्या गाडीचे नक्षीदार आवरणातले चाचणीचे फोटो कंपनीने त्याच्याही आधी दिले होते. म्हणजे खरी गाडी आधीच रस्त्यावर होती. कॉन्सेप्ट तिची सजवलेली बहीण.

मग दाखवण्यामागे हेतू काय? एक तर डोळ्यांना सवय लावायची, खरी गाडी आली की ती कॉन्सेप्टपेक्षा मवाळ दिसते आणि लोक तिला पटकन स्वीकारतात. दुसरं, डीलर आणि गुंतवणूकदारांना दाखवायला काहीतरी हवं असतं. तिसरं कारण कमी सांगितलं जातं, कंपनीच्या आतल्या लोकांसाठी. पुढच्या पाच-सहा गाड्यांवर वेगवेगळ्या टीम काम करत असतात, त्यांच्यासमोर एक पक्की वस्तू ठेवली की वाद कमी होतात.

फसवणूक म्हणता येईल अशी जागा एकच. कॉन्सेप्टमध्ये जे दिसत नाही ते. होंडाने २०१७ मध्ये अर्बन ईव्ही कॉन्सेप्ट दाखवली, छोटी, गोल दिव्यांची, बघताक्षणी प्रेमात पडावं अशी, आणि पडलेच लोक. त्यातून होंडा ई आली, तीनाचे पाच दरवाजे झाले, गोडवा बराच टिकला. पण बॅटरी ३५.५ किलोवॅट-तास, एका चार्जमध्ये जेमतेम २२० किलोमीटर आणि तेही कागदावर. २०२४ मध्ये बंद झाली. फोटोत बॅटरी दिसत नाही ना.

## मागची काच नाही, हे कायद्यात बसतं?

बसतं. पोलस्टार ४ ही विकली जाणारी गाडी आहे आणि तिला मागची काच नाही, छतावर मागे कॅमेरा आणि आतल्या आरशाच्या जागी स्क्रीन. काच काढली की छत मागपर्यंत उंच नेता येतं, मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला जागा मिळते. कॅमेऱ्यावर चिखल बसला तर काय हा प्रश्न आहेच, आणि ज्यांना चाळीशी लागलीय त्यांना लांबचं बघता बघता एकदम जवळच्या स्क्रीनवर नजर आणायला त्रास होतो, तोही.

बाजूच्या आरशांचं देशागणिक वेगळं. युरोपात आरशांऐवजी कॅमेरे चालतात, अमेरिकेत खरा आरसा लागतोच, त्यामुळे ऑडीच्या ई-ट्रॉनला युरोपात कॅमेऱ्यांचा पर्याय होता आणि अमेरिकेत तीच गाडी आरशांसकट. लपलेल्या हँडलांवर तर आता वारं फिरलंय. अपघातात वीज गेली आणि हँडल बाहेर आलंच नाही तर आतल्या माणसाला काढायचं कसं? चीनने १ जानेवारी २०२७ पासून दरवाजा विजेशिवाय, नुसत्या हाताने उघडता आलाच पाहिजे असा नियम आणलाय. चीन एवढी मोठी बाजारपेठ आहे की तिथला नियम सगळ्यांच्याच कागदावर येणार, म्हणजे पुढच्या कॉन्सेप्टमध्ये हँडलं परत दिसायला लागली तर नवल नाही.

## आणि ते रेंजचे आकडे?

कॉन्सेप्टसोबत दिलेला आकडा म्हणजे उद्दिष्ट, मोजमाप नाही. शिवाय कुठल्या चाचणीचा ते बघा. जॅग्वारने खऱ्या गाडीसाठी युरोपच्या चाचणीप्रमाणे ७७० किलोमीटर सांगितलेत आणि अमेरिकेच्या चाचणीप्रमाणे ६९२. गाडी तीच, बॅटरी तीच. हायवेवर जोरात हाणली तर याहूनही कमी.

## एवढे लोक हसले म्हणजे डिझाइन फसलंच ना?

तसं लगेच म्हणता येत नाही. ख्रिस बँगल बीएमडब्ल्यूचा डिझाइन प्रमुख असताना १९९९ मध्ये झेड ९ नावाची कॉन्सेप्ट आली आणि तिच्या वळणाने २००१ ची सेव्हन सिरीज. डिकीचं झाकण वेगळं वर ठेवल्यासारखं दिसायचं. बीएमडब्ल्यूचे चाहते एवढे चिडले की त्या डिकीला त्याच्या नावाने टोपणनाव पडलं आणि त्याला काढून टाका म्हणून ऑनलाइन याचिका निघाली. गाडी व्यवस्थित विकली गेली. २००९ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला तोवर तसली डिकी दुसऱ्या कंपन्यांच्या सेडानवरही दिसायला लागली होती.

अर्थात बीएमडब्ल्यूकडे तेव्हा थ्री सिरीज होती, घर चालवणारी, एक गाडी आपटली असती तरी चाललं असतं. जॅग्वारने जुन्या गाड्या बंद करून मग ही उडी घेतलीय, तेव्हा त्यांचा जीव एकाच गाडीत अडकलाय आणि चिडलेले जुने चाहते नव्या गाडीच्या चढ्या किमतीला ती घेणारे नव्हतेच हा त्यांचा हिशोब बरोबर निघाला तरच यातून काही होईल. पण आरडाओरडा झाला एवढ्यावरून निकाल लावू नका. ईक्यूएसविरुद्ध कुणी याचिका काढली नव्हती. लोक नुसते शोरूममध्ये गेले आणि एस-क्लास घेऊन आले.